जर्मन शाळेशी एक्स्चेंज : पर्यावरण शिकायला विमानाने जायचं का?

डहाणूकर_कॉलनी

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, कारण घरात एकमत होत नाहीये.

लेक नववीत आहे, शाळेत जर्मन घेतलंय. शाळेचं जर्मनीतल्या एका गिम्नाझियमशी (म्हणजे तिकडच्या माध्यमिक शाळेशी) एक्स्चेंज आहे. ऑक्टोबरात त्यांची मुलं येऊन आपल्या घरी राहणार, मेअखेर आपली मुलं त्यांच्या घरी. दोन्ही वेळा साधारण दोन आठवडे. आधीच्या वर्षांत नुसतं एक्स्चेंज असायचं, यंदा त्याला विषय चिकटवलाय : 'शाश्वत जीवनशैली आणि जागतिक नागरिकत्व'. पालकसभेत संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकासाच्या सतरा उद्दिष्टांचा तो रंगीबेरंगी चौकटींचा तक्ता दाखवला, मग मागच्या बॅचचे हसरे फोटो, आणि सगळ्यात शेवटी खर्चाची स्लाइड. दोन लाखांच्या आतबाहेर.

नवरा म्हणतो, पर्यावरण शिकायला साडेसहा हजार किलोमीटर उडत जायचं? त्यापेक्षा मुठेच्या काठाने म्हात्रे पुलापर्यंत चालत जा, नाक मुठीत धरून सगळं शिकून येशील. सासूबाईंची काळजी वेगळी : परकी पोरगी पंधरा दिवस घरात, तिला खायला घालायचं काय. लेकीला जायचंच आहे. मैत्रिणी चालल्यात म्हणून, हे ती सरळ सांगते, विषयाचं काही पडलेलं नाही.

मला जाणून घ्यायचंय की यातून मुलं खरंच काही शिकतात का, की ही सहलच आहे आणि नाव तेवढं भारदस्त. दुसरं म्हणजे पाहुणी आल्यावर तिला दाखवायचं काय? शाळेच्या कार्यक्रमात शनिवारवाडा, सिंहगड, मेंदी-साडी आणि एक 'स्लम व्हिजिट' आहे. ते शेवटचं वाचून मला कसंसंच झालं. ज्यांनी मुलं पाठवलीत किंवा ठेवून घेतलीत त्यांनी कृपया लिहा.

फ्राऊ_बाई

ताई, मी शाळेत जर्मन शिकवायचे, निवृत्त होईपर्यंत एक्स्चेंजचं काम माझ्याच गळ्यात होतं. त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी तुमच्या यजमानांचं. ते बरोबर बोलताहेत, त्यांना गप्प करू नका. मुंबई-फ्रँकफुर्ट जाऊन-येऊन माणशी एक ते दीड टन कार्बन डायऑक्साइड होतो. सरासरी भारतीय माणसाचा अख्ख्या वर्षाचा आकडा दोन टनांच्या आसपास, जर्मन माणसाचा सात-आठ. म्हणजे लेक एका प्रवासात आपलं निम्म्याहून जास्त वर्ष खर्चून येणार. हे गणित निघण्याआधी मुलांनीच मांडावं, दोन्हीकडच्या मुलांनी. शाळा त्यावर हमखास 'माणशी एक झाड' असा उतारा काढते. तो मानू नका. रोप लावून फोटो काढला की हिशोब चुकता झाला असं मुलांना वाटतं, आणि शाळेतल्या रोपाला मे महिन्यात पाणी कोण घालतं ते आपल्याला ठाऊक आहे.

तरी मी म्हणेन, पाठवा. अट एकच : घरी मुलगी राहायला येणार असेल तरच. नुसतं जाऊन यायचं असेल तर ती सहल. जाण्यापेक्षा ठेवून घेण्यात मुलं जास्त शिकतात, हे मी पालकांना सांगून थकले. सगळ्यांचं लक्ष तिकिटाकडे. जर्मनीत आपली मुलं पाहुणी असतात, सगळं छान-छान दिसतं. आपल्या घरात मात्र चौदा वर्षांची एक मुलगी चहाचा कप हातात धरून 'हे असं का?' विचारते, आणि उत्तर आपल्या मुलीला द्यावं लागतं, तेही दुसऱ्या भाषेत. आजवर न पाहिलेलं घर तेव्हा पहिल्यांदा दिसतं.

'स्लम व्हिजिट' रद्द करायला लावा. चार पालकांनी मिळून पत्र द्या. माणसं म्हणजे प्राणिसंग्रहालय नव्हे. त्याऐवजी आपल्याच सोसायटीचा कचरा दाखवा. चेष्टा करत नाहीये. पुण्यात कचरावेचकांची स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था आहे, 'स्वच्छ'. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना १९९३ची, त्यातून २००८मध्ये 'स्वच्छ' उभी राहिली. असं काम जर्मन मुलांनी कुठेच पाहिलेलं नसतं. तुमच्याकडे सकाळी येणाऱ्या ताईंना आधी विचारा, त्यांच्या वेळेचे पैसे द्या, आणि दोघी मुलींना एक सकाळ त्यांच्याबरोबर वर्गीकरणाला बसवा. हातमोजे घालून.

एका वर्षी असंच बसवलं होतं. ताईंनी पाण्याची बाटली खाली टाकली, टाचेने चपटी केली आणि पोत्यात सारली. शेजारचा जर्मन मुलगा दचकलाच. त्यांच्याकडे एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते. दुकानातल्या यंत्रात रिकामी बाटली सरकवली की चिठ्ठी येते आणि पैसे परत. पण बाटली चेपलेली असेल, वरचं लेबल वाचता आलं नाही, तर यंत्र ती घेत नाही. त्यामुळे बाटली चेपू नये हे लहानपणापासून अंगवळणी. इथे उलट : चेपली नाही तर पोत्यात मावणार किती, आणि भंगारवाला तर वजनावर घेतो. तिथे ग्राहकाचे स्वतःचेच पैसे ग्राहकाला परत, इथे ताईंना किलोचा भाव. पुढचा तासभर मुलं यावरच बोलत होती. मग त्याच मुलाने सांगितलं की त्यांच्या स्टेशनवरही म्हातारी माणसं बाटल्या गोळा करत फिरतात, आणि त्यांना डब्यात हात घालावा लागू नये म्हणून लोक बाटली डब्याशेजारी उभी ठेवतात. आमची मुलं गार. जर्मनीत असं कोणी असतं हे त्यांच्या गावीही नव्हतं. सतरा चौकटींचा तक्ता तासभर समजावून मला एवढं साधलं नसतं.

त्याच सकाळी मुलांना कळलं की वेफर्सची चकचकीत पुडी कोणीच विकत घेत नाही, दुधाची पिशवी धुऊन वाळवली तर तिला भाव येतो, आणि सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा असतो तो ताईंच्या हातांसाठी. या लाल ठिपक्यावर मुलींच्या घरी जी चर्चा झाली, ती वडिलांसमोर पहिल्यांदाच झाली म्हणे.

उरलेला कचरा कुठे जातो, हाही प्रश्न निघू द्या. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी शहराच्या कचऱ्यापायी काय भोगलं, त्यासाठी किती आंदोलनं केली, हे कोथरूडच्या नववीतल्या मुलाला माहीत नसतं.

आणि सिंहगड असू दे, पण एक दिवस मुळशीला न्या. १९२१मध्ये तिथे सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, टाटांच्या धरणाविरुद्ध. वीज मुंबईला, गावं पाण्याखाली. जर्मन मुलांना याची जोडी शोधायला लांब जावं लागत नाही. जानेवारी २०२३मध्ये ल्युत्सेराट नावाचं खेडं लिग्नाइटच्या, म्हणजे विजेसाठी जाळायच्या कोळशाच्या, खाणीसाठी पोलिसांनी रिकामं केलं. हवामानासाठी आंदोलन करणाऱ्या ग्रेटा थुनबर्गला उचलून नेलं ते तिथेच. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना ते पाठ असतं. दोन गटांना दोन गावं द्या आणि एकच प्रश्न द्या : वीज कुणाला मिळाली आणि गाव कुणाचं गेलं? बाजूला बसून ऐका. मध्ये बोलू नका, शिक्षकांनाही बोलू देऊ नका.

अवांतर : औंधच्या वाटेवर ब्रेमेन चौक लागतो. रोज तिथून जाणाऱ्या मुलांना, तो ब्रेमेनचा का, हे विचारून बघा. ब्रेमेन हे जर्मन शहर आणि पुणे यांची जुनी मैत्री आहे.

फाटकी_नोट

बाईंचा प्रतिसाद आवडला, तरी खडा टाकतोच. जागतिक नागरिक म्हणजे ज्याच्या आईबापाकडे दोन लाख आहेत तो, असंच ना? कचरा वेचणाऱ्या ताईंची मुलगीही नववीत असेल. ती जर्मनीला कधी जाणार? तिच्या आईबरोबर बसून आपल्या मुलांनी 'अनुभव' घ्यायचा आणि त्याचं पोस्टर करून बक्षीस मिळवायचं. असो. हलके घ्या.

फ्राऊ_बाई

हलके कशाला घेऊ, मुद्दा जड आहे. दोन गोष्टी. एक, तिकडे एन्सा नावाची सरकारी पैशातून चालणारी योजना आहे, जर्मन शाळा आणि आशिया-आफ्रिका-लॅटिन अमेरिकेतल्या शाळा यांच्या भागीदारीला मदत करणारी. अर्ज जर्मन बाजूने करायचा असतो. ताई, तुमच्या शाळेला विचारा की भागीदार शाळेने कुठल्या मदतीसाठी अर्ज केलाय का, आणि केला नसेल तर का नाही. बहुतेक वेळा उत्तर असतं की कुणी विचारलंच नाही. दोन, आमच्याकडे पालकांनी ठरवून एक-दोन जागांचा खर्च सगळ्यांत वाटून घेतला होता. माणशी बोजा फार येत नाही. पण हे पालकसभेत कुणीतरी उभं राहून म्हणावं लागतं, शाळा आपणहून म्हणत नाही. पौडजवळच्या महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेजात १९९७पासून शिष्यवृत्तीवरची मुलंही येतात, पण ते दोन वर्षांचं निवासी शिक्षण, ती गोष्ट निराळी.

पोस्टरबद्दल मात्र शंभर टक्के सहमत. पोस्टरं बंद झाली पाहिजेत.

नेकारकाठ

मी श्टुटगार्टजवळ राहते, मूळची सांगलीची. मुलाच्या शाळेत भारतातून गट येतो तेव्हा आमच्याकडे एक तरी मूल असतंच, 'तुम्ही इंडियन आहात, तुम्हाला सोपं' म्हणून. (श्टुटगार्ट आणि मुंबई १९६८पासून भगिनी-शहरं आहेत, हे इथे फार जणांना माहीत नाही.)

इकडची बाजू सांगते. संध्याकाळी जेवण बहुतेक घरांत थंड असतं : ब्रेड, चीज, काकडी, एखादं लोणी. गरम जेवण दुपारी. आपली मुलं पहिल्या रात्री ताटाकडे बघत बसतात, पुढचं काहीतरी येईल म्हणून. पुढचं काही येत नाही. हे आधी सांगून ठेवा. शाकाहाराची अडचण आता पूर्वीसारखी नाही, इथल्या शाळकरी मुलांतच शाकाहारी पुष्कळ झालेत.

आंघोळ झाली की बाथरूमची खिडकी सताड उघडून पाच-दहा मिनिटं हवा खेळवायची, थंडीत हीटर बंद करून. भिंतींना बुरशी येते म्हणून घरोघरी हे चालतं आणि न केल्यास यजमानीणबाई गोड आवाजात आठवण करतात. काचेच्या बाटल्या पांढऱ्या, हिरव्या, तपकिरी अशा वेगळ्या पेट्यांत टाकायच्या, पण रविवारी नाही, शेजाऱ्यांची शांतता मोडते. आमच्याकडे आलेल्या एका मुलाला हे सगळं इतकं भावलं की रोज डायरीत 'जर्मन लोक निसर्गावर किती प्रेम करतात' असं लिहायचा.

मग मी त्याला उरलेलं सांगितलं. पिवळ्या पिशवीत वेगळं केलेलं प्लास्टिक सगळं पुन्हा वापरात येत नाही, बराचसा भाग जाळला जातो, आणि वर्षानुवर्षं इथलं प्लास्टिक परदेशी रवाना होत आलंय. २०१८मध्ये चीनने दार लावल्यावर ते मलेशिया, तुर्कस्तानकडे वळलं. ऑटोबानवर, म्हणजे इथल्या महामार्गांवर, बऱ्याच ठिकाणी वेगाला मर्यादा नाही आणि ती घालायची म्हटलं तर लोक हमरीतुमरीवर येतात. जर्मनीने एप्रिल २०२३मध्ये शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या, त्यावर आमच्या शेजारच्या दोन घरांत अजून धड बोलणं नाही. पोराचा चेहरा पडला, पण त्या रात्री तो आणि माझा मुलगा बारापर्यंत भांडत होते. त्याच्या डायरीत पुढे प्रेमाऐवजी प्रश्न दिसायला लागले.

एक विनंती. मुलांना घरातली कामं शिकवून पाठवा. ताट उचलून डिशवॉशरमध्ये लावणं, स्वतःची गादी आवरणं. आपल्याकडची हुशार-हुशार मुलं जेवून तशीच उठतात, आणि मग भारताबद्दल इथे जे मत होतं ते मला वर्षभर निस्तरावं लागतं.

खडू_फळा

मी साताऱ्यातल्या माण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. आमच्याकडे कुणी विमानाने जात नाही, तरी एक्स्चेंज आहे, म्हणून लिहितो. आमचा एक माजी विद्यार्थी जर्मनीत नोकरीला आहे. त्याच्या ओळखीने तिकडच्या एका गावातल्या शाळेशी जोडून घेतलं. मोबाइलवर व्हिडिओ कॉल, वर्गात एकच फोन, बेंचवर डब्याला टेकवून ठेवलेला.

सुरुवातीला नाव काय, आवडता खेळ काय, यात दोन कॉल गेले आणि पोरं कंटाळली. मग दोन्हीकडे पर्जन्यमापक केला. सरळ कडांची बाटली, पट्टी चिकटवलेली, रोज सकाळी नोंद. त्यांच्याकडे पाऊस बारा महिने थोडा थोडा, देशाची सरासरी वर्षाला ८०० मिलिमीटरच्या आसपास. आमच्याकडे त्याच्या निम्म्याच्या थोडा वर, तोही चार महिन्यांत, आणि त्यातही दोन-चार दिवसांत बदाबदा. जानेवारीत आमच्या तक्त्यात ओळीने शून्य. तिकडच्या एका मुलीने विचारलं, मग आठ महिने पाणी ठेवता कुठे? आमची पोरं उत्तर देईनात. म्हणाली, गुरुजी, हिला दाखवू. मग फोन घेऊन वरात निघाली : शेततळं, पाझर तलाव, पाणी मुरवायला डोंगरावर श्रमदानातून काढलेले सलग समतल चर, शेवटी टँकर थांबतो ती जागा. सहावीतला पोरगा चर कसा काढायचा ते हातवारे करून सांगत होता. त्याचे आईवडील ते खणायला होते. इंग्रजी मोडकं, पण कुणाचं अडलं नाही.

ज्यांना पद्धतशीर करायचं आहे त्यांनी 'ग्लोब' कार्यक्रम बघावा. १९९५पासून चालू आहे, नासाचा त्यात मोठा वाटा आहे, शाळा हवा-पाणी-मातीची मोजणी करून नोंदी पाठवतात, भारतही त्यात आहे. ढगांच्या नोंदी तर साध्या मोबाइलवर होतात, खर्च शून्य. वेळेचं तेवढं जपा : हिवाळ्यात जर्मनी आपल्या साडेचार तास मागे, उन्हाळ्यात साडेतीन. मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं बदलतात आणि सोमवारी आमचा वर्ग रिकाम्या पडद्यासमोर बसतो.

बाईंचं घरी ठेवून घेण्याचं म्हणणं पटलं. फोनवर वास येत नाही, भूक लागत नाही, रुसवा होत नाही. पण हे मोजमाप आधी सहा महिने केलं आणि मग मुलं भेटली, तर दोन आठवड्यांत ओळख-परेडमध्ये वेळ जाणार नाही.

डहाणूकर_कॉलनी

सगळ्यांचे मनापासून आभार. घरी मोठ्याने वाचून दाखवलं. नवऱ्याने विमानाचं गणित लेकीला करायला लावलं आणि तिचा आकडा बाईंच्या आकड्याशी जुळला म्हणून दोघं खूश. आम्ही सात पालकांनी 'स्लम व्हिजिट'बद्दल पत्र दिलं. शाळेने नाव बदलून 'कम्युनिटी इंटरॅक्शन' केलंय! दुसरं पत्र तयार आहे.

खडू_फळा गुरुजी, पर्जन्यमापक आजच गच्चीवर लावला. पाण्याचं आणखी काही मोजता येईल का? आणि सासूबाई अजून विचारताहेत, खायला काय करू.

फ्राऊ_बाई

नाव बदललं म्हणजे शाळा घाबरली आहे. दुसरं पत्र द्याच.

पाणी : दोघी मुलींनी आपापल्या घरी एक आठवडा मोजायचं. आंघोळीची बादली किती लिटरची, किती बादल्या, फ्लश किती वेळा, धुणं, भांडी. जर्मनीत घरगुती वापर माणशी रोज १२५ लिटरच्या आसपास. आपल्याकडे शहरांसाठी सरकारी मानक १३५ लिटर. आपण गरीब, आपण कमी वापरतो, असं धरून चाललेली मुलं इथे हमखास अडखळतात. पाहुणी असताना एखादा गुरुवार पाणी बंदचा आलाच तर घाईने टँकर मागवू नका. पिंपं भरायला तिलाही लावा.

सासूबाईंना सांगा, वेगळं काही करू नका. वरणभात-तूप, थालीपीठ-लोणी, धिरडी, साबुदाण्याची खिचडी मिरची कमी घालून. पोहे सगळ्यांना आवडतात. पहिले तीन दिवस बाहेरची पाणीपुरी नको, आणि पाणी उकळलेलंच. चौथ्या दिवशी ती स्वतःच मिसळ मागेल, तेव्हा दही जवळ ठेवा. ऑक्टोबरात दिवाळी जवळ असेल तर चकल्या पाडायला तिला सोऱ्यावर बसवा, म्हणजे सासूबाईंची भाषेची अडचण मिटेल.

व्हिसाचं आत्ताच बघून ठेवा. अल्पवयीन मुलीला आई आणि वडील दोघांचंही संमतिपत्र लागतं. प्रवास विमा किमान ३० हजार युरोचा हवा. शैक्षणिक कामासाठी जाणारे शालेय विद्यार्थी आणि सोबतचे शिक्षक यांना शेंगेन व्हिसाचं शुल्क माफ असतं, अर्ज केंद्राचं सेवाशुल्क तेवढं द्यावं लागतं. शाळेच्या दोन लाखांत व्हिसा शुल्क धरलंय का ते तपासा. धरलं असेल तर तिसरं पत्र.